‘अडथळा’ कोणाचा? : स्तनांच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीविषयक अभ्यासांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

स्त्रियांच्या आरोग्याविषयी महाविद्यालयीन नियतकालिकांतून, चर्चासत्रांच्या स्मरणिकांतून आणि पदव्युत्तर प्रबंधिकांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात ‘स्तनांच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीतील अडथळे’ हा विषय आता चांगलाच स्थिरावला आहे. या लेखनाची एक ठरावीक घडण असते. आरंभी रोगाच्या वाढत्या प्रमाणाचे आकडे, नंतर एखाद्या गावातील, वस्तीतील वा महाविद्यालयातील स्त्रियांना दिलेली प्रश्नावली, तीवरून काढलेली टक्केवारी, आणि अखेरीस लाज, भीती, अज्ञान व उदासीनता या चार कारणांची नोंद करून ‘जनजागृतीची नितांत गरज आहे’ हा निष्कर्ष. पुष्कळदा हा निष्कर्ष प्रश्नावली छापण्यापूर्वीच निश्चित झालेला असतो. प्रश्नावली त्याची केवळ पुष्टी करते.

प्रस्तुत लेखाचा रोख या अभ्यासांच्या हेतूवर नाही. हेतू चांगलाच आहे, आणि विषयाचे गांभीर्य वादातीत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या रुग्णांच्या जागतिक अभ्यासात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण अमेरिकेत सुमारे ९० टक्के, तर भारतात सुमारे ६६ टक्के आढळले. हे अंतर लाजेने पडले आहे काय, हा खरा प्रश्न आहे. ‘अडथळा’ ही संकल्पना ज्या रीतीने या अभ्यासांत वापरली जाते, तिने या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होण्याऐवजी झाकले जाते, असे दाखवणे हा येथील उद्देश आहे.

एका शब्दात तीन अर्थ

गल्लतीचा आरंभ भाषेपासून होतो. मराठीत ‘तपासणी’ हा शब्द तीन निरनिराळ्या क्रियांसाठी सर्रास वापरला जातो. कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी स्त्रीची ठरावीक कालांतराने केली जाणारी चाचणी, ही पहिली. गाठ हाताला लागल्यामुळे घाबरून आलेल्या स्त्रीची डॉक्टरांनी केलेली पाहणी, ही दुसरी. आणि ती गाठ कर्करोगाची आहे की नाही हे ठरवण्यासाठी केलेली सोनोग्राफी, मॅमोग्राफी व सुईने वा छेद घेऊन काढलेल्या तुकड्याची प्रयोगशाळेतील परीक्षा, ही तिसरी. पहिलीस ‘पूर्वतपासणी’ व तिसरीस ‘निदान’ असे शब्द उपलब्ध आहेत. परंतु शिबिरांच्या अहवालांत, वर्तमानपत्रांतील बातम्यांत आणि दुर्दैवाने शोधनिबंधांतही ‘इतक्या महिलांची तपासणी करण्यात आली’ एवढेच वाक्य येते. त्यांपैकी किती जणींना गाठ होती, त्यांपैकी कितींचे निदान पूर्ण झाले, आणि किती जणींना उपचार मिळाले, हे त्या वाक्यातून कळू शकत नाही. वाक्यरचनाच अशी आहे की ते विचारावेसे वाटत नाही.

हा केवळ पारिभाषिक काटेकोरपणाचा प्रश्न नाही. पूर्वतपासणी आणि लक्षण दिसलेल्या स्त्रीचे त्वरित निदान या दोन भिन्न कार्यनीती आहेत, त्यांचा खर्च भिन्न आहे व त्यांना लागणारी यंत्रणा भिन्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनकर्करोगाविषयीचा जो जागतिक उपक्रम हाती घेतला, त्याची तीन उद्दिष्टे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या अवस्थेत व्हावे, स्त्री प्रथम आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत. या तिन्हींपैकी एकही उद्दिष्ट ‘इतक्या स्त्रियांची मॅमोग्राफी व्हावी’ असे नाही. भारतातील कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार निदानाच्या वेळी स्तनांच्या कर्करोगाच्या सुमारे ५७ टक्के रुग्णांत रोग स्थानिक पातळीवर पसरलेला होता. या स्त्रियांपैकी बहुतेकींना गाठ असल्याचे स्वतःला ठाऊक असणार, हे सांगण्यासाठी वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. त्यांना पूर्वतपासणीची नव्हे, निदानाची निकड होती.

‘अडथळा’ या संकल्पनेचे मूळ

ज्या प्रश्नावल्यांच्या आधारे हे अभ्यास होतात, त्या बहुधा ‘आरोग्यश्रद्धा प्रतिमान’ या सिद्धान्तावर बेतलेल्या असतात. या प्रतिमानाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील हॉकबाउम, रोझेनस्टॉक आदी सामाजिक मानसशास्त्रज्ञांपुढे एक व्यावहारिक कोडे होते. क्षयरोगाच्या शोधासाठी छातीच्या क्ष-किरण तपासणीची फिरती पथके लोकांच्या वस्तीपर्यंत जात होती, तपासणी विनामूल्य होती, तरीही पुष्कळ लोक येत नव्हते. सेवा दाराशी आणि फुकट असूनही माणसे का येत नाहीत? त्याचे उत्तर त्यांनी माणसांच्या समजुतींत शोधले : आपल्याला हा रोग होऊ शकतो असे व्यक्तीला वाटते काय, तो गंभीर वाटतो काय, तपासणीचा लाभ वाटतो काय, आणि तिच्या वाटेत कोणते अडथळे ‘भासतात’.

‘भासणारे अडथळे’ ही संज्ञा त्या परिस्थितीत रास्त होती, कारण प्रत्यक्ष अडथळे बऱ्याच अंशी दूर झालेले होते. १९८४ मध्ये व्हिक्टोरिया चॅम्पियन यांनी याच प्रतिमानावरून स्तनांच्या स्वपरीक्षणासाठी एक मापनश्रेणी तयार केली, पुढे ती मॅमोग्राफीसाठीही विस्तारली, आणि तिची भाषांतरे जगभर झाली. भारतातील अनेक प्रश्नावल्या याच कुळातील आहेत. परंतु सिद्धान्त एका भूमीतून दुसऱ्या भूमीत आणताना त्याचे गृहीतकही सोबत आले, याचे भान राहिले नाही. जेथे फिरते पथकही नाही आणि विनामूल्य सेवाही नाही, तेथे ‘तपासणीला जाणे मला संकोचाचे वाटते : पूर्ण सहमत, सहमत, असहमत’ अशी विधाने मांडली म्हणजे स्त्रीच्या मनातील संकोच मोजला जातो, पण जिल्ह्याच्या गावापर्यंतचे अंतर, बुडालेली रोजंदारी आणि निदानाला लागणारे पैसे यांच्यासाठी श्रेणीत एखादे विधान असले तरी तेही ‘भासणारा’ अडथळा म्हणूनच गणले जाते. एसटी नसणे हा भास नव्हे.

याहूनही चमत्कारिक गोष्ट अशी, की या अभ्यासांत स्त्रियांचे ‘ज्ञान’ मोजण्याचा मुख्य निकष बहुधा ‘स्वपरीक्षणाची पद्धत माहीत आहे काय’ हाच असतो. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांवर या विषयाचा मोठा नियंत्रित प्रयोग झाला आणि त्याचे अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वपरीक्षणाचे पद्धतशीर शिक्षण दिलेल्या गटात या रोगाने १३५ मृत्यू झाले, न दिलेल्या गटात १३१. मृत्यूंत घट झाली नाही. उलट शिक्षण घेतलेल्या गटात कर्करोगाच्या नसलेल्या गाठींसाठी केलेल्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. आपल्या शरीरातील बदलाची स्त्रीला जाण असणे निश्चितच उपयोगी आहे आणि त्याविरुद्ध कोणी बोलत नाही. पण महिन्यातून एकदा ठरावीक पद्धतीने स्वपरीक्षण न करणाऱ्या स्त्रीला ‘अज्ञानी’ या रकान्यात टाकणे, आणि तेही २००२ नंतर दोन दशकांहून अधिक काळ, यास संशोधनातील आळस म्हणावे लागते.

मनिलाची साक्ष

लाज हाच मुख्य अडथळा आहे हे गृहीतक तपासून पाहण्याची संधी आशियातच, फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे मिळाली होती. १९९६-९७ मध्ये तेथे प्रशिक्षित परिचारिकांकडून स्तनांची प्रत्यक्ष तपासणी करण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्याचे वृत्त २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाखत घेतलेल्या १,५१,१६८ स्त्रियांपैकी १,३८,३९२ स्त्रियांनी, म्हणजे सुमारे ९२ टक्क्यांनी, तपासणी करून घेतली. त्यांपैकी ३,४७९ जणींना गाठ आढळून पुढील निदानासाठी पाठवण्यात आले. या ३,४७९ पैकी केवळ १,२२० स्त्रियांनी, म्हणजे ३५ टक्क्यांनी, निदान पूर्ण केले. घरी जाऊन विनवूनही सुमारे ४२ टक्के स्त्रियांनी पुढील तपासण्यांना नकार दिला आणि उरलेल्यांचा पत्ताच लागला नाही. पहिल्या फेरीनंतर प्रयोग थांबवावा लागला.

या आकड्यांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. १०० पैकी ९२ स्त्रियांनी आपली छाती परक्या परिचारिकेपुढे उघडी केली. संकोच हा निर्णायक अडथळा असता तर तो येथे दिसायला हवा होता. तो दिसला नाही. अडथळा दिसला तो त्यानंतरच्या पायरीवर : गाठ आहे हे कळल्यानंतर, रुग्णालयाच्या दाराशी. येथे कोणी म्हणेल, की हीच तर भीती. स्त्रिया घाबरल्या म्हणून गेल्या नाहीत. असेलही. पण कर्करोगाचे निदान म्हणजे कुटुंबाचे कर्ज, शेताचा तुकडा वा दागिने विकणे आणि तरीही मरण, असा अनुभव ज्या समाजाला वारंवार आलेला असतो, तेथे ही भीती अज्ञानातून नव्हे तर माहितीतून उपजते. अशा भीतीला प्रबोधनाने उत्तर देता येत नाही. तिला उत्तर द्यावयाचे तर उपचार परवडणारे आणि परिणामकारक असल्याचे शेजारणीच्या उदाहरणावरून दिसावे लागते.

याच संदर्भात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण आठवावे. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ असे आपल्याला डॉक्टरांनी सांगितले, ही तक्रार त्या काळातील वार्तांकनात पुनःपुन्हा येते. ज्या स्त्रियांना कर्करोगाच्या भीतीने एकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले गेले, त्यांच्यापुढे पुन्हा तीच भीती घेऊन जाणाऱ्या कोणत्याही जागृतीने आपल्या भाषेचा विचार केला पाहिजे. कर्करोगाची जाणीव या स्त्रियांत कमी नव्हती. ती विकली गेली होती.

मुंबईतील प्रयोग आणि त्याचे वाचन

महाराष्ट्रातील वाचकांना या विषयात अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे जगातील या प्रकारच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक मुंबईत झाला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील गरीब वस्त्यांचे २० समूह निवडून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर हा अभ्यास आरंभला. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांकडून हाताने स्तनतपासणी झाली. दुसऱ्या गटाला एकदा माहिती देण्यात आली. आणि पुढे दोन्ही गटांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. या सेविका डॉक्टर नव्हत्या. त्यांच्या हाती यंत्र नव्हते, बोटे होती. २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत एकूण १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही. ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के होती. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत लक्षणीय घट आढळली नाही.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. त्याचे चिकित्सक वाचन मात्र फारसे झाले नाही. ५० वर्षांवरील स्त्रियांविषयीचा निष्कर्ष हा प्रयोग संपल्यावर केलेल्या उपगटाच्या विश्लेषणातून आलेला आहे. अशा निष्कर्षाकडे सावधपणे पाहावे, ही संशोधनपद्धतीतील प्राथमिक शिकवण आहे. दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा. याच प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही अभ्यास होत होता, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवणे कितपत समर्थनीय होते, हा वाद मुख्यतः त्या भागाविषयी झडला. ‘नेहमी मिळणारी सेवा’ म्हणजे या वस्त्यांत काहीच न मिळणे, आणि ते ‘काहीच नाही’ प्रयोगाच्या रचनेत तुलनेचा आधार म्हणून बसते, ही गोष्ट विषमतेच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. संशोधकांनी ती विषमता निर्माण केली नाही, हे खरे. पण ती नसती तर हा प्रयोग या स्वरूपात करता आला नसता, हेही तितकेच खरे आहे.

या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. स्वस्त, यंत्रविरहित आणि स्थानिक स्त्रियांच्या हातून होणारी तपासणी रोग लवकर पकडू शकते. अट अशी, की तिच्या मागे निदानाची व उपचारांची भक्कम व्यवस्था उभी असली पाहिजे. मुंबईत ती टाटा स्मारक रुग्णालयाच्या रूपाने होती. मनिलात जी साखळी तुटली ती मुंबईत बऱ्याच अंशी टिकली, आणि दोन्हीकडे तपासणारी बोटे जवळपास सारखीच होती. मॅमोग्राफी यंत्र हेच आधुनिकतेचे लक्षण मानून एका फिरत्या गाडीचे उद्‍घाटन करणाऱ्यांनी हा भाग वाचला पाहिजे.

मोजमापाची विषमता

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्के भारतीय स्त्रियांनी स्तनांच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाल्याचे सांगितले. हा आकडा जवळजवळ प्रत्येक लेखात उद्धृत होतो, आणि तो धक्कादायक आहेच. परंतु त्यातील वयोगटाकडे कोणाचे लक्ष जात नाही. हे सर्वेक्षण मूलतः प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांसाठी आखलेले असल्याने त्यातील स्त्री ४९ व्या वर्षी संपते. मुंबईच्या प्रयोगात ज्या वयात लाभ दिसला, नेमक्या त्याच वयाच्या स्त्रिया या सर्वाधिक उद्धृत आकड्याच्या बाहेर आहेत. राज्ययंत्रणेला स्त्री दिसते ती माता म्हणून, गर्भनिरोधनाची वापरकर्ती म्हणून. पाळी गेल्यावर ती आकडेवारीतूनही जाते. स्त्रीवादी अभ्यासकांनी मातृत्वकेंद्री आरोग्यधोरणावर केलेल्या टीकेचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

शासकीय कार्यक्रमाचीही अशीच चिकित्सा करता येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत २०१६ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. पाच वर्षांच्या या अंतराला मुंबईच्या प्रयोगाचा आधार मिळत नाही. तेथे अंतर दोन वर्षांचे होते. गावपातळीवर आशा कार्यकर्ती जे प्रपत्र भरते, त्यात स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातील बदल याविषयीचे प्रश्न आहेत. म्हणजे ३० वर्षांवरील स्त्रीला हे प्रश्न विचारण्याची तरतूद कागदोपत्री झालेली आहे. पण दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर साखर कारखान्याकडे गेलेली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी स्त्री त्या प्रपत्रात येते कोठे? आणि आली, व एका प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले, तर पुढे काय?

‘होय’ या उत्तरानंतर

या ‘पुढे काय’चा मार्ग कोणत्याही दुर्गम तालुक्यात साधारणपणे सारखाच आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका गाठ असल्याची खात्री करून चिठ्ठी देते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर ती पाहून ग्रामीण रुग्णालयाकडे पाठवतात. तेथे सोनोग्राफीचे यंत्र असले तर ते चालवणारे तज्ज्ञ रोज असतातच असे नाही. जिल्हा रुग्णालयात एक दिवस केसपेपर व पाहणीत जातो, दुसरा सुईच्या तपासणीत, आणि तिचा अहवाल घेण्यासाठी आणखी एक खेप घालावी लागते. प्रत्येक खेपेस स्त्री एकटी जात नाही. सोबत नवरा, दीर वा मुलगा असतो, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते, दोन तिकिटे लागतात, आणि घरी गुराढोरांपाशी, लहान मुलांपाशी कोणीतरी ठेवावे लागते. गाठ दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीसाठी चौथी खेप घालावी की सोयाबीनची काढणी उरकावी, हा त्या घरापुढील प्रश्न असतो. प्रश्नावलीत याचे उत्तर ‘उदासीनता’ या रकान्यात पडते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा मोठा भार हलका झाला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून काही जिल्ह्यांत ती आरंभली, तेव्हापासून असंख्य कुटुंबे कर्जातून वाचली असतील. पण या योजनेचा भर निदान झालेल्या रोगावरील, रुग्णालयात घ्यावयाच्या उपचारांवर आहे. रोग आहे हे सिद्ध होईपर्यंतचा प्रवास, खेपांचा, बाहेरून कराव्या लागणाऱ्या चाचण्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा, बहुतांशी रुग्णाच्याच पदरी राहतो. नेमक्या याच टप्प्यावर स्त्रिया गळतात. योजनेचे दार आहे, पण त्यापर्यंतची वाट स्वतःच्या खर्चाने तुडवायची आहे.

याउलट शहरांतील खासगी रुग्णालये मार्चमधील महिला दिनाला आणि ऑक्टोबरच्या गुलाबी महिन्याला सवलतीची ‘पॅकेजे’ जाहीर करतात. चाळिशीच्या अलीकडील सुस्थित नोकरदार स्त्री, जिला तक्रार काहीच नाही, ती दरवर्षी मॅमोग्राफी करून घेते. या वयात स्तनांची घनता अधिक असल्याने मॅमोग्राफीचे चित्र अस्पष्ट येण्याचा संभव अधिक असतो. शिवाय अतिनिदानाचा प्रश्न आहेच : २०१२ मध्ये ब्रिटनमधील मार्मट समितीने असा निष्कर्ष काढला होता, की मॅमोग्राफी कार्यक्रमाने एक मृत्यू टळतो तेव्हा सुमारे तीन स्त्रियांना, एरवी ज्याने त्यांना कधी त्रास झाला नसता अशा रोगासाठी उपचार घ्यावे लागतात. एका टोकाला नको असलेली तपासणी, दुसऱ्या टोकाला हवे असलेले निदान नाही. विषमता म्हणजे केवळ कमतरता नव्हे. एकाच रोगाविषयी दोन टोकांच्या दोन चुका एकाच समाजात एकाच वेळी घडणे, असाही तिचा अर्थ आहे.

अमेरिकेचा दाखला येथे दोन कारणांसाठी उपयोगी आहे. तेथील संघराज्याने १९९० मध्ये कायदा करून विमा नसलेल्या अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांसाठी स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी सुरू केली. पण त्या तपासणीत रोग सापडलेल्या स्त्रियांच्या उपचारांना शासकीय विमा देण्याची मुभा राज्यांना मिळाली ती २००० च्या कायद्याने. मधल्या १० वर्षांत रोग सांगितला जात होता, पण उपचारांची हमी नव्हती. दुसरे असे, की तेथे कृष्णवर्णीय व गोऱ्या स्त्रियांतील मॅमोग्राफीच्या प्रमाणात आता फारसा फरक उरलेला नाही, रोगाचे प्रमाणही कृष्णवर्णीय स्त्रियांत किंचित कमीच आहे. आणि तरीही त्यांचा या रोगाने होणारा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. यात रोगाच्या आक्रमक प्रकारांचा वाटा आहे, पण निदान व उपचारांतील विलंबाचाही आहे. तपासणी समान झाली म्हणून विषमता संपली नाही.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर महिला विकास कक्ष, राष्ट्रीय सेवा योजना आणि गृहविज्ञान वा समाजशास्त्र विभाग यांच्यामार्फत दरवर्षी शिबिरे होतात, छायाचित्रे निघतात आणि गुणवत्ता हमी कक्षाच्या वार्षिक अहवालात ती ‘विस्तारकार्य’ म्हणून नोंदली जातात. शिबिराच्या नोंदवहीत नाव, वय, पत्ता, तपासणीचा निष्कर्ष आणि ‘पुढील तपासणीसाठी पाठविले’ असा शेरा इतके रकाने असतात. त्यापुढे रकाना नसतो. हीच नोंदवही सहा महिन्यांनी पुन्हा उघडून, ‘पाठविले’ असा शेरा असलेल्या प्रत्येक स्त्रीचे घर गाठून, ती कोठपर्यंत पोहोचली, किती खेपांत, किती खर्चात, आणि कोणत्या दाराशी परतली, एवढे विचारणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. त्यासाठी कोणत्याही आयात मापनश्रेणीची गरज नाही. नमुना लहान असेल, कदाचित १०-१५ स्त्रियांचाच. पण त्या प्रबंधिकेतील ‘अडथळे’ या प्रकरणात रस्त्यांची नावे असतील, वार असतील, रुपये असतील.